बरणीतलं बी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी टीमला आनंदाची बातमी दिली होती: आपलं नवं फीचर एका रात्रीत शेकडो जणांनी वापरलं! दुपारी कळलं, ते शेकडो जण म्हणजे माझीच टेस्ट स्क्रिप्ट. बंद करायची राहून गेली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे ऑर्गेयच्या अशनीची गोष्ट वाचली, तेव्हा जरा हायसं वाटलं.

१४ मे १८६४. दक्षिण फ्रान्समधल्या ऑर्गेय गावाजवळ आकाशातून काळे, ठिसूळ दगड पडले. क्लोएझ या रसायनशास्त्रज्ञाने ते तपासले, तर त्यात दलदलीत कुजलेल्या झाडपाल्यासारखा सेंद्रिय पदार्थ निघाला. पाचच आठवड्यांपूर्वी लुई पाश्चरने पॅरिसमध्ये गाजलेलं भाषण दिलं होतं: निर्जीवातून जीव आपोआप जन्मत नाही. म्हणजे वाद तापलेलाच होता.

जवळपास शंभर वर्षांनी, १९६१मध्ये, अमेरिकेत बार्थोलोम्यू नॉज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच अशनीतली हायड्रोकार्बन्स तपासली. ती सजीवांमधल्यासारखी दिसत होती. मग नॉज आणि जॉर्ज क्लॉस यांना सूक्ष्मदर्शकाखाली जीवाश्मांसारखे आकारही दिसले. परग्रहावरचे जीव? खळबळ उडाली. पण त्यातला एक आकार रॅगवीड नावाच्या तणाचा परागकण निघाला. चक्क पृथ्वीवरचा.

खरा धक्का १९६४मध्ये बसला. मोंतोबाँच्या संग्रहालयात ऑर्गेयचा एक वेगळा तुकडा १८६४पासून काचेच्या बरणीत बंद होता. एडवर्ड अँडर्सच्या गटाने तो तपासला. आत लव्हाळ्यासारख्या वनस्पतीचं बी, कोळशाचे कण आणि डिंकासारखी खळ! दगड ओला करून कुणीतरी हे आत कोंबलं होतं आणि वरून खळ फासून अशनीचं जळकं कवच हुबेहूब केलं होतं. बहुधा पाश्चरच्या वादात काडी टाकायला. पण मधल्या काळात त्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. खोडी करणारा कधीच सापडला नाही.

तेव्हा प्रश्न फक्त 'आत काय आहे?' एवढाच नाही, 'ते आत कुठून आलं?' हाही आहे. २८ सप्टेंबर १९६९ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ अशनी पडली, तेव्हा शास्त्रज्ञांच्या हाती एक चाचणी होती. अमिनो आम्लांचे रेणू आपल्या हातांसारखे, डावे आणि उजवे असतात. पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी डावेच वापरतात. घामाचा हात लागला असता, तर डावे जास्त दिसले असते. १९७०च्या अहवालात दोन्ही जवळजवळ सारखे निघाले. शिवाय आपल्या प्रथिनांत नसलेली अमिनो आम्लंही होती. रेणू अवकाशातलेच, पण जिवाने घडवलेले नव्हेत.

मग १९९७मध्ये त्याच मर्चिसनच्या काही अमिनो आम्लांत डाव्यांचं किंचित जास्त प्रमाण आढळलं, तेही पृथ्वीवरच्या सजीवांत दुर्मीळ असलेल्या. म्हणजे नुसतं डावेपण हाही जिवाचा पक्का पुरावा नाही.

म्हणून नासाने दगड पडायची वाट न पाहता बेन्नू लघुग्रहावरूनच नमुना उचलला. सप्टेंबर २०२३मध्ये बंद कुपीतून १२१.६ ग्रॅम माती आली. आपल्या प्रथिनांतल्या २० अमिनो आम्लांपैकी १४ तिच्यात सापडली, डावी-उजवी जवळपास समसमान. विटा आहेत, घर बांधल्याची खूण नाही.

हे वाचून माझा विरस झाला, खोटं कशाला बोलू? त्या रात्रीच्या शेकडो युजर्ससारखंच मला इथेही कुणीतरी हवं होतं. म्हणूनच आता आनंदाची बातमी पाठवण्याआधी मी एकदा बघतो: बरणीत मीच तर काही टाकलेलं नाही ना?