नेकेड ट्रस्ट, फेलोशिप ऑफ द
ब्रिटिश अमदानीत ठाणे येथे १८९१ मध्ये स्थापन झालेले नग्नतावादी मंडळ. या प्रकारचे हे जगातील पहिले ज्ञात मंडळ मानतात. संस्थापक चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हा मुंबई इलाख्याच्या सेवेतील न्यायाधीश. सभासद अगदी मोजके. तुळशी तलाव आणि माथेरान या त्यांच्या जमण्याच्या जागा. नियमानुसार अंगावर काहीही नसावे. सवलत होती ती चष्मा, अंगठी व कवळी यांना. एवढ्या बारीक अपवादांतून न्यायाधीशाचा हात दिसतोच! कोकणातल्या दमट उकाड्यात कोट-कॉलर चढवून कचेरीत बसणाऱ्या साहेबाला ही कल्पना सुचावी, यात नवल नाही. क्रॉफर्डची रत्नागिरीला बदली झाली आणि मंडळ मोडले. १८९४ मध्ये तो वारला. इंग्रज विचारवंत एडवर्ड कार्पेंटर याला त्याने लिहिलेल्या पत्रांमुळेच ही हकीकत कळते.

दिगंबर जैन मुनींची नग्नता अपरिग्रहाच्या व्रताचा भाग आहे. क्रॉफर्डला हवी होती ती देहाची मोकळीक. दोन्हींची गल्लत करू नये.

मराठीत नग्नतेचा विषय निर्भीडपणे मांडला तो र. धों. कर्वे यांनी. त्यांच्या समाजस्वास्थ्य मासिकाच्या (१९२७–५३) मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रे असत. शरीरात मुळात अश्लील काही नाही, ही त्यांची भूमिका. ठाण्याच्या खाजगी मंडळापेक्षा तिचे मोल अधिक. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड झाला.