आधी पाणी, मग तेल

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा उभ्या आहेत. त्यांच्यावर १८४९ हे साल कोरलेले आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजते हे रायगडच्या किनाऱ्यावरील मुलांना सांगावे लागत नाही. पण तोफेला आणि बंदुकीला याहून मोठा शत्रू होता आणि तो नळीच्या आतच तयार होई.

काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असे. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन रूपात उरते. या काजळीत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात. हे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात आणि नळी आतून खाल्ली जाते. काजळी मऊ राहावी आणि गोळी सहज सरकावी म्हणून एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसाला वंगण लावत. त्यातील चरबीवरून १८५७ साली काय घडले, ते आपण इतिहासात शिकवतोच.

मग कोणते तेल चांगले? जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट पापुद्रा धरते. खोबरेल तेल तसे वाळत नाही, पण खवट झाले की त्यात आम्ले सुटी होतात. शिवाय सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली ते थिजते. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातील खनिज तेलापासून केलेले 'रंगून तेल' ब्रिटिश सैन्यात बंदुकांसाठी वापरात आले. ते खवट होत नसे, चिकटही होत नसे. कारखान्यांतील यंत्रांची वंगणेही पुढे खनिज तेलापासूनच बनू लागली.

म्हणून यंत्राचे तेल बंदुकीला चालेल काय, हा प्रश्न साहजिक आहे. दोघांचे मूळ द्रव्य बहुधा एकच असते, काम मात्र वेगळे. यंत्र सतत फिरते, तेथे घर्षण कमी करणे महत्त्वाचे. बंदूक महिनोन्महिने कोपऱ्यात उभी असते, तेथे गंज रोखणे महत्त्वाचे. त्यामुळे डब्यावरील नावापेक्षा तेलात गंजरोधक द्रव्ये आहेत का, हे पाहावे लागते.

पण कोणत्याही खनिज तेलात क्षार विरघळत नाहीत. क्षारांवर तेल चोपडले तर ते तेलाखाली तसेच राहतात. म्हणूनच पूर्वीचे सैनिक नळीत आधी उकळते पाणी ओतत. पाण्याने क्षार निघून जात, तापलेली नळी लवकर वाळे; त्यानंतर तेलाचा हात फिरे. १९५९च्या शस्त्र कायद्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरली की हाच क्रम पाळावा लागतो; गंजाने कुरतडलेली नळी धोक्याची असते.

वर्गात हे सहज पडताळता येईल. दोन खिळे मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा. एकावर तसेच तेल लावा. दुसरा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, वाळवून मग तेल लावा. दोन्ही दमट जागी ठेवून मुलांना रोज नोंद करू द्या.