त्या बाईला किती मिळाले?

२००६ च्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत आले होते. लिबर्टी बेल, नायगारा, व्हाइट हाउस असं सगळं यथासांग दाखवून झालं आणि एका शनिवारी पेनसिल्व्हेनियातला आमिश लोकांचा मुलूख बघायला निघालो. घोडागाड्या बघून झाल्या. परतताना एफ्राटा गावात 'टेन थाउजंड व्हिलेजेस' नावाचं एक मोठं दुकान लागलं. आत शिरलो तर काय, पितळेच्या घंटा, वेताच्या टोपल्या, तागाच्या पिशव्या! साता समुद्रापार येऊन पुन्हा आपलं खादी भांडारच. शेजारी चहापानाची जागा, तिचं नाव तर चक्क 'नवजीवन'.

आईने भारतातून आलेला एक भरतकामाचा टेबलक्लॉथ उचलला. आधी उलटा करून टाके पाहिले, मग किंमत पाहिली, मनात पंचेचाळीसने गुणलं आणि मला विचारलं, "अरे, यातले त्या बाईला किती मिळाले?"

गल्ल्यावरच्या आजींना मी हे भाषांतर करून विचारलं. त्या खूश झाल्या. आकडा त्यांना सांगता येईना, पण म्हणाल्या की ऑर्डर दिली की निम्मे पैसे आम्ही आधीच पाठवतो, बाकीचे माल निघताना. आईला हे लगेच पटलं. सूत, कापड आणायला कारागिराला आधी पैसे लागतात आणि ते सावकाराकडून उचलले की कमाई व्याजातच जाते, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं.

या दुकानाचा इतिहास मी नंतर वाचला. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर नावाच्या मेनोनाइट पंथाच्या बाई नवऱ्याबरोबर पोर्टो रिकोला गेल्या. नवरा त्या पंथाच्या मदत-समितीत अधिकारी. तिथे ला प्लाता खोऱ्यात बायकांचा शिवणवर्ग चालला होता. हातात उत्तम कला आणि घरात खायची भ्रांत. बायलरबाईंनी त्यांच्याकडून भरतकाम विकत घेतलं, अमेरिकेत आणून मैत्रिणींना विकलं आणि पैसे परत पाठवले. मग गाडीच्या डिकीत माल भरून त्या गावोगाव हिंडू लागल्या. ॲक्रन गावातल्या त्यांच्या घराचं तळघर म्हणजे गोदाम. पुढे जॉर्डनमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित बायकांचं भरतकाम आलं, हैतीचं लाकूडकाम आलं. १९६२ मध्ये समितीने हे काम अधिकृतपणे आपलं मानलं. म्हणजे तोवर सोळा वर्षं बाई आपल्या हिमतीवरच चालवत होत्या! दुकानाला आजचं नाव मिळालं १९९६ मध्ये. भारत शहरांत नाही, खेड्यांत आहे, या गांधीजींच्या म्हणण्यावरून ते सुचलं. खेडी सात लाखांची दहा हजार कशी झाली, ते देव जाणे.

पण आईचा प्रश्न अमेरिकेत त्याच्याही आधी विचारला गेला होता, आणि जास्त धारदारपणे. १८२६ मध्ये बेंजामिन लंडी या क्वेकर गृहस्थाने बॉल्टिमोरला दुकान काढलं. अट एकच, गुलामांच्या श्रमाचा माल ठेवायचा नाही. म्हणजे दक्षिणेतला कापूस नको, साखर नको, तांदूळ नको. फिलाडेल्फियात अशी दुकानं निघाली, १८३० मध्ये तिथल्या काळ्या नागरिकांनी स्वतःची संस्था काढली. जेम्स मॉट या व्यापाऱ्याने कापसाचा चालता धंदा सोडला आणि लोकरीचा धरला. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. तत्त्व सांगणं सोपं असतं, चालता धंदा सोडणं नाही.

तरी ही चळवळ फार वाढली नाही. कापड जाडंभरडं, रंग-नक्षी मोजकी, साखर महाग. लीव्हाय कॉफिन यांनी असंख्य गुलामांना पळून जायला मदत केली, पण १८४७ मध्ये सिनसिनाटीत काढलेली असल्या मालाची वखार काही त्यांना फायद्यात आणता आली नाही. फिलाडेल्फियातलं जॉर्ज टेलर यांचं दुकान १८६७ पर्यंत तगलं. तोवर गुलामगिरीच कायद्याने संपली होती.

याच काळात इंग्लंडमध्ये साखरेच्या भांड्यांवर छापलेलं असे, 'ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी बनवलेली नाही.' म्हणजे आपली साखर त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीला गोड लागत होती. कंपनी सरकारचा शेतसारा भरून त्या ऊसवाल्याला किती उरले, हे मात्र भांड्यावर नसे.

कॉफीची कथा अलीकडची. १९८५ मध्ये रेगन सरकारने निकाराग्वाशी व्यापार बंद केला. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये 'इक्वल एक्स्चेंज' काढणाऱ्या तीन मित्रांनी निकाराग्वाचीच कॉफी आणली! नेदरलँड्समध्ये भाजली की ती कायद्याने डच होते, ही पळवाट त्यांनी शोधली होती. पुढे पाकिटावरचे शिक्के आले. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफी पौंडाला ५० सेंटच्याही खाली कोसळली, तेव्हा शिक्क्याच्या कॉफीला किमान १.२६ डॉलर होते. ज्यांचा माल त्या भावाने उचलला गेला, ते शेतकरी तगले. पण शिक्का मोठा झाला तशी भांडणंही आली. छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांबरोबर मोठ्या मळ्यांच्या कॉफीलाही तो द्यावा का, यावरून २०११ च्या अखेरीस अमेरिकेतली संस्था जागतिक संघटनेतून बाहेर पडली. सहकार आणि मोठे बागाइतदार हा वाद महाराष्ट्राला मी काय सांगावा?

असो. सांगायचं होतं ते वेगळंच. त्या वाचनात मला एक नाव सापडलं, 'मार्केटप्लेस : हँडवर्क ऑफ इंडिया'. कचेरी शिकागोजवळच्या एव्हन्स्टनला. कपड्यांचा रंगीत कॅटलॉग पोस्टाने यायचा आणि त्यात शिवणाऱ्या बायकांचे फोटो आणि हकिगती असायच्या. ही संस्था पुष्पिका फ्रेटस यांची. सुरुवात १९८० मध्ये, मुंबईत, तीन बायकांपासून. पहिलं काम तुकडे जोडून गोधड्या शिवायचं, म्हणजे जे आपल्याकडच्या बायकांना येतंच. ठिकाण, सांताक्रूझजवळची गोळीबारची झोपडपट्टी.

आई-बाबा तेव्हा परत गेले होते. ते सांताक्रूझ पूर्वेलाच राहतात, चाळीस वर्षं. मी फोन करून आईला सांगितलं.

"गोळीबारला? आपल्या?"

"हो, आपल्याच."

"चालत दहा मिनिटांवर तर आहे," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "आपल्या भांड्यांच्या बाई तिथूनच येतात."

मी काही बोललो नाही. तीही काही बोलली नाही. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "त्याला विचार, तिकडे कॉफी काय भावाने मिळते?"