गाडीचा ‘मेंदू’ बदलून इंजिन ट्यून करतात, म्हणजे नेमकं काय करतात?

कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर घेऊन, कानाने आवाज ऐकत इंजिन ट्यून करायचा. आताच्या गाड्यांमध्ये हे काम ईसीयू, म्हणजेच इंजिन कंट्रोल युनिट हा छोटा संगणक करतो. रेसिंगच्या किंवा टर्बो बसवलेल्या गाड्यांमध्ये अनेकदा कंपनीचा ईसीयू काढून बाजारात मिळणारा, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवला जातो. ऑस्ट्रेलियातल्या मोटेक आणि हॅलटेक, न्यूझीलंडची लिंक ही यातली नावाजलेली नावं. अमेरिकेत सुरू झालेला मेगास्क्वर्ट तर हौशी लोक घरी सोल्डरिंग करून जोडतात.

पण नुसता ईसीयू बदलला म्हणून ताकद वाढते का?

ईसीयू काय करतो?

इंजिनमध्ये किती हवा जातेय, क्रँकशाफ्ट कुठे आहे, कूलंट किती तापलंय, हे सेन्सर्स सांगत असतात. त्यावरून ईसीयू दोन मुख्य गोष्टी ठरवतो: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि स्पार्क कधी द्यायचा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमवर असेल, तर हा निर्णय सेकंदाला २०० वेळा घ्यावा लागतो.

त्यासाठी ईसीयूमध्ये तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा लोड आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. या तक्त्याला ‘मॅप’ म्हणतात. ट्यूनिंग म्हणजे हे आकडे त्या विशिष्ट इंजिनसाठी बरोबर करणं.

रीमॅपिंग आणि यात फरक काय?

रीमॅपिंगमध्ये कंपनीचाच ईसीयू राहतो, फक्त त्यातले आकडे बदलतात. पिगीबॅक प्रकारात मूळ ईसीयूला मिळणारे किंवा त्याच्याकडून जाणारे सिग्नल मध्येच बदलले जातात. स्टँडअलोन ईसीयू मात्र इंजिनाचा पूर्ण ताबा घेतो. टर्बो, मोठे इंजेक्टर किंवा वेगळे कॅमशाफ्ट बसवल्यावर मूळ मॅप जुळत नाही. तेव्हा स्टँडअलोन कामी येतो.

ट्यूनिंग कसं होतं?

सुरुवातीला इंजेक्टरची क्षमता आणि सेन्सर्सची माहिती भरली जाते. ईसीयू दाखवतो तो टायमिंगचा अंश आणि प्रत्यक्ष स्पार्क जुळतो का, हे टायमिंग लाईटने तपासतात. इथे चूक झाली, तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

मग गाडी डायनोवर चढते. डायनोच्या रोलरवर चाकं फिरतात आणि टॉर्क मोजला जातो. सायलेन्सरच्या पाइपमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर असतो. पेट्रोल पूर्ण जळायला १ किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण थ्रॉटलवर मात्र साधारण १२.५ ते १३ इतकं रिच मिश्रण ठेवतात. टर्बो इंजिनमध्ये त्याहूनही रिच. इथेनॉलला जेमतेम ९ किलो हवा पुरते, त्यामुळे ई२० पेट्रोलवर तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन सोडावं लागतं.

इंधन जमलं की टायमिंगची पाळी. पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडं आधी स्पार्क दिला जातो. ट्यूनर एकेक अंश टायमिंग अॅडव्हान्स करत टॉर्क पाहतो. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबायचं. त्याआधीच नॉकिंग सुरू झालं, तर मागे यायचं.

धोका कुठे आहे?

नॉकिंगमध्ये सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि दाब एकदम वाढतो. फुल लोडवर हे चालू राहिलं तर पिस्टन वितळू किंवा फुटू शकतो. इंजिनच्या आवाजात ते कानाला ऐकू येईलच असं नाही.

म्हणूनच इंटरनेटवरून घेतलेला, दुसऱ्याच्या गाडीचा मॅप महागात पडू शकतो. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेला मॅप कमी ऑक्टेनवर नॉकिंग करतो. ईसीयूसोबत मिळणारा ‘बेस मॅप’ गाडी सुरू होण्यापुरताच असतो. कंपनीचे इंजिनिअर थंडी, उन्हाळा, उंच घाट अशा सगळ्या परिस्थितींत चाचण्या घेतात. ईसीयू बदलला की ती जबाबदारी ट्यूनरवर येते.

भारतात हे कायदेशीर आहे का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रदूषणाचे निकष मोडले, तर तो वेगळा प्रश्न. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यावरही परिणाम होऊ शकतो. त्यामुळे अशा गाड्यांची खरी जागा रेस ट्रॅकवरच आहे.

मग ताकद वाढते की नाही?

टर्बो नसलेल्या, बाकी काहीच न बदललेल्या इंजिनमध्ये फरक थोडाच पडतो, कारण इंजिन खेचतं ती हवा तेवढीच राहते. जास्त हवा आत नेणारे बदल आधी झाले असतील, तरच नवा ईसीयू त्यांचा पूर्ण फायदा करून देतो. म्हणून बजेट ठरवताना ईसीयूच्या किमतीसोबत वायरिंग, वाइडबँड सेन्सर आणि डायनोवरच्या तासांचा खर्चही धरायला हवा.