उल्हास-वालधुनीकाठचा इतिहास

नदीकाठच्या नगराचा इतिहास म्हटला की अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे पैठण वा नाशिक उभे राहते. फार तर ऱ्हाईनकाठचे कोलोन. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ही नावे मात्र लोकलच्या उद्घोषणेतच विरून जातात. ही उपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते. कोलोनला इ.स. 50 मध्ये रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला, आणि त्याच शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात उल्हासच्या खाडीवरील कल्याण बंदराचा उल्लेख आहे. ही तीन नगरे त्याच बंदराच्या पाठीशी असलेल्या मुलखातली.

वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवालय उभे आहे. तेथील शके 982 (इ.स. 1060) चा शिलालेख शिलाहार राजा माम्वाणि याचे नाव सांगतो. शैली भूमिज, गाभारा मात्र मंडपाहून बराच खाली, पायऱ्या उतरून जावे असा.

बदलापुराविषयी घोडे बदलण्याची लोकव्युत्पत्ती सांगतात. तिला पुरावा म्हणून आम्ही स्वीकारणार नाही. पण गावाची स्मृती वाटेशी निगडित आहे, एवढे तीतून कळते. 1856 मध्ये याच बाजूने खोपोलीपर्यंत लोहमार्ग गेला.

उल्हासनगराची कथा सर्वांत निराळी. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी या वस्तीचे नामकरण झाले. ज्यांच्या प्रांताचे, भाषेचे आणि स्वतःचेही नाव एका नदीवरून पडले, त्या लोकांच्या नव्या गावाला नाव मिळाले तेही नदीचेच! पत्ता सांगताना तेथे आजही 'कॅम्प' आणि त्याचा क्रमांक सांगतात. आपले अभ्यासक्रम मात्र फाळणीचे साहित्य म्हणून मंटो अनुवादातून वाचतात आणि या बराकींकडे वळत नाहीत.

गावाला नाव उल्हासचे, पण वस्तीमधून वाहते ती वालधुनी. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्या पात्रात सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करण्यासाठी लोहमार्गावर होड्या आणाव्या लागल्या.