रेषेबाहेरचे पांच सेकंद



बास्केटबॉलचा इतिहास सांगतांना लोक टोपलीविषयीं पुष्कळ बोलतात. रेषेविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. चेंडू मैदानाबाहेर गेला म्हणजे खेळ थांबला, असें समजून प्रेक्षक इकडे तिकडे पाहूं लागतात. वस्तुतः संघाच्या शिक्षणाची कसोटी पुष्कळदां त्याच क्षणीं लागते.

हा खेळ डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जन्मास आला. वाय. एम. सी. ए. च्या विद्यालयांतील अध्यापक जेम्स नेस्मिथ यांनीं सज्जाच्या कठड्यास फळांच्या दोन टोपल्या अडकविल्या आणि तेरा नियम लिहिले. बाहेर गेलेल्या चेंडूस जो प्रथम शिवेल त्यानें तो आंत टाकावा, व त्यासाठीं त्यास पांच सेकंद मिळावे, असा नववा नियम होता. परिणाम असा झाला कीं, चेंडू सज्जावर गेला कीं दोन्ही पक्ष जिन्याकडे धांवत. पुढें धंदेवाईक सामन्यांत मैदानाभोंवतीं तारेचा पिंजराच उभारूं लागले. १९१३ मध्यें नियम बदलला. ज्याच्या स्पर्शानें चेंडू बाहेर गेला, त्याच्या प्रतिपक्षास तो मिळूं लागला. झोंबी संपली आणि विचारास जागा झाली. कारण चेंडू कोणाचा हें निश्चित झाल्यावांचून बेत आंखतां येत नाहीं.

आपल्या हुतुतूंत रेषेबाहेर गेलेला गडी बाद होतो. बास्केटबॉलची रेषा माणसास बाद करीत नाहीं. ती फक्त चेंडूचा धनी ठरविते. हा भेद ज्यानें ओळखला, त्यास या खेळाचें मर्म समजलें.

नेस्मिथ यांच्याच विद्यार्थ्यांपैकीं डंकन पॅटन यांनीं १८९४ मध्यें हा खेळ हिंदुस्थानांत आणला. १९२० मध्यें मद्रास येथें हॅरी बक यांनीं शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें, आणि तेथून शिक्षकांच्या द्वारें त्याचा प्रसार झाला. आपल्या वऱ्हाडांत अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व्यायामाचें कार्य करीत आलें आहे. या मंडळाच्या पथकानें १९३६ मध्यें बर्लिन येथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. त्याच ऑलिंपिकांत बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला. अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसांत झाला, आणि अमेरिकेनें कॅनडास १९ विरुद्ध ८ असें हरविलें. चिखलांत चेंडू उसळेना. तेव्हां हातांतून हाताकडे नेमका चेंडू देण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

आतां टोपलीमागील रेषेवरून चेंडू आंत टाकण्याचा विचार करूं. टाकणारा बाहेर असल्यामुळें आंत चौघांविरुद्ध पांच असतात. हा तोटा भरून काढणें हेंच शिक्षकाचें काम. संरक्षकाची अडचण ही कीं, चेंडूकडे पाहिलें तर त्याचा गडी नजरेआड होतो, आणि गड्याकडे पाहिलें तर चेंडू. याच घटकेस आपल्या एका गड्यानें सोबत्याच्या पाठलागकऱ्यास वाटेंत निश्चल उभें राहून आडवें यावें; सोबती मोकळा सुटतो. दोघेही संरक्षक त्याच्यामागें धांवले, तर आडवा आलेला गडीच टोपलीकडे वळतो. चेंडू टाकणाऱ्यास थेट टोपलींत फेकून गुण मिळवितां येत नाहीं; परंतु चेंडू देऊन तो आंत आला कीं क्षणभर त्याच्यावर कोणाचीच नजर नसते. परत आलेला चेंडू त्यानें साधावा. एक गडी मात्र मागें राखावा. नाहींतर चेंडू हुकतांच उलट हल्ला येतो.

या पांच सेकंदांचें मोल १९७२ मध्यें म्युनिक येथें जगानें पाहिलें. तीन सेकंद उरले असतां अमेरिका ५० विरुद्ध ४९ अशी पुढें होती. गोंधळ होऊन तेच तीन सेकंद तीनदां खेळविले गेले. तिसऱ्या खेपेस सोव्हिएत संघाच्या इव्हान येदेश्कोनें रेषेमागून चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोंकास फेंकला. अलेक्झांडर बेलोव्हनें तो झेलून टोपलींत टाकला, आणि ५१ विरुद्ध ५० असा निकाल लागला. अमेरिकनांनीं रौप्यपदकें घेतलीं नाहींत. पंचांच्या निर्णयाविषयीं वाद असो; त्या फेंकीच्या अचूकपणाविषयीं नाहीं.

मलकापूर, खामगांव, मेहकर, चिखली येथील शाळांतून शिकविणाऱ्यांस माझें सांगणें एवढेंच आहे. उंची देवानें द्यावयाची असते. वेळेचें भान मात्र शिक्षकास देतां येतें. जो मुलगा खेळांत कच्चा त्यासच रेषेमागें उभा करण्याची चाल सोडावी. तेथें सर्वांत शांत मुलगा हवा. प्रथम चेंडूवांचून, चालत चालत, जागा दाखवाव्या. मग मोठ्यानें एक ते पांच मोजावें. मग समोर प्रतिपक्ष उभा करावा. ठेंगण्या मुलास ज्या दिवशीं कळेल कीं, योग्य क्षणीं योग्य ठिकाणीं निश्चल उभें राहणें हाहि पराक्रमच आहे, त्या दिवशीं संघास आणखी एक खेळाडू लाभेल.