माळावरची धावपट्टी

कर्जत म्हटलं की मुंबईकरांना लोकलवालं कर्जत आठवतं. हे ते नव्हे. हे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, सिद्धटेक आणि राशीनवालं कर्जत. मागच्या शनिवारी लॅपटॉप घरी ठेवून रेहेकुरीला गेलो होतो. १९८० साली जाहीर झालेलं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं काळवीट अभयारण्य. एक नर मान ताठ करून उभा होता आणि वरून घूंऽऽ करत एक छोटंसं विमान चाललं होतं. बहुतेक ट्रेनिंगचं असावं. काळवीटाने ढुंकूनही पाहिलं नाही. मला मात्र माझा जुना रूममेट आठवला.

हा पठ्ठ्या चांगली नोकरी सोडून पायलट व्हायला गेला. त्याचा पहिल्या सोलोचा किस्सा आम्ही शंभरदा ऐकलाय. एकटाच विमानात, बाजूच्या सीटवर सर नाहीत, उतरायला धावपट्टी समोर... आणि धावपट्टीच्या मधोमध दोन कुत्री निवांत बसलेली! पूर्ण थ्रॉटल, पंख सरळ, नाक वर, फ्लॅप एकेक टप्प्याने आत आणि पुन्हा चक्कर. कुत्री हलली नाहीत. दुसरी चक्कर. तिसऱ्या वेळी कोणीतरी जीप घेऊन त्यांना हाकललं, तेव्हा साहेब उतरले. आम्ही हसायचो, पण तो हे सांगताना कधी हसला नाही.

हे दुखणं विमानाइतकंच जुनं आहे. १९०५ साली ऑरव्हिल राइटने डेटनजवळ उडताना पक्ष्यांच्या थव्याचा पाठलाग केला आणि त्यातला एक मारला, अशी राइट बंधूंच्या डायरीत नोंद आहे. म्हणजे पहिली नोंदलेली धडक चक्क खोडी काढून झालेली! सूड उगवायला सात वर्षं लागली. १९१२ साली कॅलिफोर्नियात एका सीगलमुळे कॅल रॉजर्सचं विमान कोसळलं आणि तो गेला. विमानाने अमेरिका आरपार करणारा हा पहिला माणूस.

आपल्याकडची गोष्ट जुहूपासून सुरू होते. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. १० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडी टाटांना देशातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळालं, ते इथेच शिकून. जुहूची जमीन खाजणाची, पावसाळ्यात चिखल. म्हणून टाटांची टपाल विमानं पावसाळ्यात पुण्याला यायची. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथमधून निघाले, तेव्हा वाटेत एक पक्षी केबिनमध्येच घुसला आणि त्याला मारावं लागलं. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून. शाळेत आपल्याला या दिवसाची फक्त तारीख पाठ करायला लावली, पक्षी आणि बैल वगळून. असो.

आता थोडं इंजिनिअरिंग (सवय जात नाही). घार साधारण ७०० ग्रॅमची धरा. सेसना १५२ उतरताना ताशी ११० किलोमीटरच्या आसपास असतं, जेट विमान अडीचशेच्या वर. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जेटला बसणारा दणका पाचपटीहून जास्त. मग शिकाऊ पोरं सुरक्षित? नाही ना! मोठ्या प्रवासी विमानाची पुढची काच १.८ किलोच्या पक्ष्याची धडक सोसेल अशीच बनवावी लागते. छोट्या ट्रेनर विमानांना अशी अटच नव्हती. त्यात इंजिन एकच. आणि चालवणारा वीस तासांचा अनुभवी.

म्हणून शिकवतात की पक्षी दिसला तर शक्यतो वर जा, कारण घाबरलेला पक्षी बहुधा खाली सूर मारतो. जमिनीजवळ असताना झटकन वळू नका. पक्षी चुकेल, पण विमान स्टॉल होईल. ऊन तापलं की घारी गरम हवेच्या झोतात गिरक्या घेत चढतात. काळवीट तर ताशी ८० ने पळू शकतो, कुठल्या दिशेला ते त्यालाच माहीत.

पण प्राणी तिथे येतात का? १९८० च्या दशकात बीएनएचएसने देशातल्या विमानतळांवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला. उत्तर आकाशात नव्हतं, कुंपणाबाहेर होतं. मेलेली जनावरं, कत्तलखाने, कचरा. १९३७ च्या विमान नियमांतला नियम ९१ हेच सांगतो की विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी-प्राणी गोळा होतील अशा रीतीने जनावरं कापू नका, घाण टाकू नका. पाळतो कोण?

तेव्हा मोठी डोकेदुखी होती गिधाडांची. ती डोकेदुखी गेली, पण कशी? गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. गिधाडं संपल्यावर मेलेल्या ढोरांवर कुत्री वाढली. धावपट्टीवर बसलेली ती दोन कुत्री कदाचित याच हिशोबातली.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) जमिनीची आहे. धावपट्टीला काय लागतं? सपाट, मोकळा, झाडं नसलेला माळ. माळढोकाला काय लागतं? तेच. १९७९ साली कर्जत, श्रीगोंदा, नेवासा आणि सोलापूरचे काही तालुके मिळून माळढोक अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर! ते पुढे बरंच छाटलं गेलं. सोलापूरच्या बोरामणीला नवा विमानतळ आखला, तर त्याचं घोडं वर्षानुवर्षं अडलं ते माळढोकासाठीच्या वनजमिनीवर. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी, आणि उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकून मरतो. गोंदियाकडे बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधली, आता तिथे पायलट शिकतात. महाराष्ट्रातले शेवटचे सारस उरलेत तेही बहुतेक त्याच जिल्ह्यात, भाताच्या खाचरांत.

परतताना गेटजवळ टिटवी अंगावर धावून आली. तिथल्या गार्डकाका म्हणाले, "साहेब, बाजूनं जावा, तिची अंडी हायेत." खाली पाहिलं तर खड्यांत मिसळलेली चार ठिपकेदार अंडी, घरटं वगैरे काही नाही. रूममेटला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आमच्या धावपट्टीच्या कडेला अशीच असायची. पहाटे रनवे तपासायला गेलो की आम्ही तेवढी जागा सोडून चालायचो. सरांना कधी सांगितलं नाही."